उभ्यानं जेवणारी भिंगरी

आठ वर्षांच्या वरचा आणि चाळिशीच्या आतला असा एकही माणूस आमच्या गावात नाही, ज्याला नर्सबाईंनी पाय धरून उलटं टांगलेलं नाही आणि पाठीत थापट मारून रडवलेलं नाही. सरपंच, पोलीस पाटील, राईस मिलचा मालक, त्या मालकाविरुद्ध दर दिवाळीला उपोषणाला बसणारा हमाल, सगळे जगात आले ते बाईंच्या हातातून, आणि बाई ते कुणाला विसरू देत नाहीत. एकदा ग्रामसभेत सरपंच रस्त्याच्या कामावर छाती फुगवून बोलत होते, तर मागून आवाज आला, "जास्त जोर नोको करू बापा, जन्मला तेव्हा दोन मिनिटं रडलाच नव्हता तू. मीच फुंकलं तुह्या तोंडात." सभा तिथंच संपली. मी स्वतः पायाळू, म्हणजे पाय आधी आणि डोकं मागून अशा उफराट्या चालीनं आलेला. पायाळू माणसानं पाठीला लाथ मारली की उसण उतरते असा आमच्याकडे समज आहे, त्यामुळे धानाच्या रोवणीच्या दिवसांत माझ्या दारात कंबर धरून उभ्या असलेल्या बायामाणसांची रांग लागते. बाईंना हा अडाणीपणा मुळीच खपत नाही. "लाथा खाऊन कोणी बरं होते काय बे? गोळी घ्या!" असं म्हणून त्या अख्खी रांग पिटाळून लावतात. पण एकदा हातपंपावर त्यांचीच पाठ धरली, तेव्हा इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाल्या, "मार बापा एक. पण कोणाले सांगू नोको." मी आधी नमस्कार केला, मग लाथ मारली. आज पहिल्यांदा सांगतोय.

मी गावचा शाखा डाकपाल. पद कानाला भारदस्त वाटतं, पण काम चार तासांचं, आणि उरलेला दिवस समोरच्या घराकडे पाहण्यात जातो. समोरचं घर बाईंचं. त्यांचं खरं नाव गावात कुणी घेत नाही. ते फक्त त्यांच्या टपालावर असतं आणि ते टपाल मी देतो म्हणून मला ठाऊक. बावीस वर्षांच्या असताना त्या आमच्या उपकेंद्रात आल्या आणि निवृत्त होईपर्यंत इथंच राहिल्या. बदलीचा कागद तीनदा आला म्हणे, आणि तिन्ही वेळा कुणी ना कुणी नेमकी बाळंत व्हायला बसली होती. निवृत्तीचा कागद आला तो दिवस मात्र गावातल्या सगळ्या गरोदर बायकांनी निवांत घालवला, याचा बाईंना अजून राग आहे.

निवृत्त झाल्या म्हणून बाईंचं काम थांबलं असं समजू नका. समोर आलेल्या माणसाच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आत रक्त किती आहे ते पाहिल्याशिवाय त्यांना बोलायला सुरुवातच करता येत नाही. गॅस सिलिंडरवाला, एस.टी.चा कंडक्टर, पाहुणे, कुणी सुटत नाही. गेल्या निवडणुकीत हात जोडून मत मागायला आलेल्या उमेदवाराची पापणी त्यांनी कार्यकर्त्यांसमोर खाली ओढली आणि म्हणाल्या, "पांढराफटक झाला रे तू. आधी पालकभाजी खा, मंग निवडून ये." तो पडला. बाईंच्या ओसरीत मयालीला, म्हणजे छताच्या आडव्या लाकडाला, एक स्प्रिंगचा काटा टांगलेला आहे आणि त्याला कापडी झोळी, लहान लेकरांचं वजन करायची असते ना, तशी. तिच्यात लेकरांपासून भोपळ्यापर्यंत सगळं तोललं जातं. मी पार्सल पोस्टाच्या काट्यावर घालतो, मग बाई त्यांच्या झोळीत घालतात, आणि दोन्हींत फरक निघाला तर पोस्टाचा काटा खोटा, हे ठरलेलं. वजनाच्या बाबतीत त्या फार कडक. "वजन खोटं लिवणं म्हणजे लेकराच्या तोंडातला घास काढणं," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की झोपेत विचारलं तरी सांगेन. शिवाय पोलिओच्या डोसच्या दिवशी घराच्या दारावर खडूनं खूण करायची जी रीत आहे, ती बाईंनी वर्षभर चालू ठेवलेली. चहाला आल्या तरी जाताना दारावर तारीख. आमच्या दारावर इतका खडू बसलाय की बायको म्हणते, आता रंग द्यायची गरज उरली नाही.

अशा या बाईंचे गुडघे गेले. जाणारच. तेवढी वर्षं नाले ओलांडून, जंगलातल्या पाऊलवाटा तुडवून, बाजेवर टाकलेल्या बायकांच्या मागे धावून ते गुडघे टिकले हेच नवल. बाईंचा मुलगा वीज केंद्रात नोकरीला आहे, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहतो. तो त्यांना चंद्रपूरला मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही गुडघे बदला, वर्षाच्या आत बदला, नाहीतर कायमच्या खाटेवर बसाल. दीड-दोन महिने घराबाहेर राहावं लागेल. बाई बरं म्हणाल्या. परतताना रस्त्यात एका मंगल कार्यालयाच्या अंगणात कुत्र्यांची पिल्लं दत्तक देणाऱ्या मंडळींचा मांडव होता. मुलाला गाडीत पेट्रोल भरायचं होतं, तेवढ्या दहा मिनिटांत बाई मांडवात शिरल्या. झालं. गुडघे दाखवायला गेलेली बाई कुत्री घेऊन आली.

त्या मांडवात काय घडलं ते मुलानं मला कपाळावर हात मारत सांगितलं. टोपल्यांमध्ये गोंडस, न्हाऊमाखू घातलेली पिल्लं बसली होती. त्यांच्याकडे बाईंनी ढुंकून पाहिलं नाही. कोपऱ्यात मळकट रंगाचं, बरगड्या मोजून घ्याव्यात असं एक पिल्लू होतं. ते खाल्लेलं सगळं ओकलं, ओकून झाल्यावर त्यानं स्वतःच्या शेपटीमागे सात-आठ गिरक्या घेतल्या, आणि पडलं ते एका कार्यकर्तीच्या ओढणीत. "हे कोन व्हय?" बाईंनी विचारलं. ती मुलगी म्हणाली, "आजी, ही देण्यातली नाही. हिच्या पोटात अन्न उतरत नाही, बाहेर येतं. हिला उभ्यानं भरवावं लागतं आणि नंतर वीस मिनिटं उभंच धरावं लागतं. दिवसातून चारदा. कोण करणार?" बाई म्हणाल्या, "म्हणूनच तं विचारून राह्यली." मग दत्तक द्यायचा फॉर्म निघाला. घरात कोण कोण आहे, अंगण आहे का, पिल्लाला वेळ देऊ शकाल का, असे प्रश्न ती मुलगी विचारणार, एवढ्यात बाईंनीच तिची पापणी खाली ओढली. पुढची पंधरा मिनिटं मुलाखत उलट्या दिशेनं चालली. शेवटी पिल्लू बाईंना मिळालं आणि त्या मुलीला लोहाच्या गोळ्या.

पिल्लाचं नाव भिंगरी पडलं ते त्या गिरक्यांमुळं. तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तिला तपासून बाईंना समजावलं, "हिची अन्ननळी सैल आहे. आपण घास गिळला की नळी तो खाली ढकलते, हिची ढकलत नाही. अन्न आपल्या वजनानंच खाली उतरलं पाहिजे, म्हणून उभं धरायचं. पण बाई, अशी पिल्लं फार दिवस काढत नाहीत. मनाची तयारी ठेवा." बाईंनी मनाची तयारी ठेवली नाही. त्यांनी घरी येऊन लहान लेकरांचं वाढीचं कार्ड काढलं, तेच ते, तळाला लाल, मग पिवळा आणि वर हिरवा पट्टा असलेलं, आणि ओसरीच्या भिंतीवर खिळ्यानं ठोकलं. मी म्हटलं, "बाई, लेकरांच्या कार्डावर कुत्र्याचं वजन कसं चालेल?" म्हणाल्या, "पोट ते पोटच असते. हे हिरव्यात येऊ दे, मंग माह्या गुडघ्याचं पाहू." पहिलं वजन दोन किलो शंभर. ठिपका लालच्याही खाली पडला, जवळजवळ भिंतीवर.

सुताराकडून सागाच्या फळ्यांची एक उंच, अरुंद खुर्ची आली, समोर आडवी दांडी. भिंगरी त्यात मागच्या पायांवर ताठ बसून, पुढचे दोन्ही पाय दांडीवर ठेवून जेवायची, आणि तेवढा वेळ ती अगदी तहसीलदार दिसायची. भात, दूध आणि अंडं एकजीव कालवून चमच्यानं भरवायचं, पाणीसुद्धा तसंच. जेवण होईपर्यंत सगळं नीट. पण नंतरची वीस मिनिटं खुर्चीत बसणं तिला मंजूर नव्हतं; ती दांडी कुरतडायची, खालून निसटायची, आणि निसटली की गिरक्या, आणि गिरक्या की सगळं बाहेर. म्हणून बाई तिला खांद्यावर घ्यायच्या. ढेकर काढायला लेकराला घेतात तशी. आणि एका हातानं पाठ थोपटत, लंगडत, अंगणात येरझारा घालत वीस मिनिटं बोलत राहायच्या. काय बोलायच्या? सगळं. गावात कोणाचं काय चाललंय, कोणाची सून रुसून गेली, पालक काऊन महाग झाला. भिंगरी एक कान वर करून ऐकायची आणि मधूनच बाईंचं नाक चाटायची.

पोटात अन्न टिकायला लागलं आणि भिंगरी अंगात वारं शिरल्यासारखी खेळायला लागली. बाईंच्या वेणीला लोंबकळणं, कोंबड्यांना रांगेत लावणं, वाळत घातलेल्या मोहफुलांत लोळणं, हे तर रोजचं. एके दिवशी ती रस्ता ओलांडून माझ्या पोस्टात आली, शाईची गादी तोंडात धरली आणि टेबलाखाली जाऊन निवांत चघळली. दोन दिवस जांभळ्या तोंडानं हिंडत होती. त्या दोन दिवसांत तिनं ज्याला ज्याला प्रेमानं चाटलं त्याच्यावर सरकारी शाई उमटली. राईस मिलचे मालक तर तसेच तालुक्याला बँकेत जाऊन आले. मी तक्रार घेऊन गेलो तर बाई भिंगरीच्या पुढच्या डाव्या पायाच्या नखाला मार्करनं खूण करत होत्या. रेबीजची लस टोचून आणली होती ना. "आपल्याइथी डोस झाला की खूण करतेत," त्यांनी मलाच समजावलं.

आणि मग जीप आली. झालं असं की उपकेंद्रात नवी नर्स रुजू झाली, सिरोंच्याकडची, बोलण्यात तेलुगूचा हेल असलेली, कामाला चटपटीत. पहिल्याच आठवड्यात ती घरभेटीला निघाली. बाई नेमक्या भिंगरीला पाठीवरच्या झोळीत बांधून बाजाराला गेल्या होत्या. नव्या नर्सनं बाईंच्या ओसरीत डोकावून पाहिलं तर दोरीवर इवलीशी लाळेरी वाळत घातलेली, कोपऱ्यात लेकराची खुर्ची, आणि भिंतीवर कार्ड: नाव भिंगरी, वय चार महिने, वजन अडीच किलो, आईच्या नावापुढे 'माहीत नाही', वडिलांच्या नावापुढे रेघ, आणि खाली बाईंच्या टपोऱ्या अक्षरात, 'प्रत्येक जेवणानंतर उलटी.' ती घाबरून माझ्याकडे धावत आली. "सर, समोरच्या घरात भिंगरी राहते का?" मी पत्रं निवडत होतो. म्हटलं, "राहते ना." "तिची आई?" "चंद्रपूरला असेल कुठंतरी रस्त्यावर." "मग सांभाळतं कोण?" "बाईच. पण फार खोडकर आहे हो. काल सारवलेल्या भिंतीची माती खाल्ली, परवा माझी चप्पल चावली." एवढ्या लहान लेकराला दात कसे आले, हे विचारायचंसुद्धा तिला सुचलं नाही. तासाभरात मोठ्या गावाहून जीप आली. डॉक्टर, देखरेख करणाऱ्या मॅडम, सलाईनची पेटी. कुपोषित लेकराला वॉर्डात दाखल करायचं म्हणून सगळे गंभीर चेहऱ्यानं ओसरीत उभे. मागे अर्धं गाव. तेवढ्यात बाई ऑटोतून उतरल्या. डॉक्टर म्हणाले, "आजी, बाळ द्या इकडे, घाबरू नका." बाईंनी झोळी पुढं केली, डॉक्टरांनी कापड बाजूला सारलं, आणि भिंगरीनं त्यांचा चष्मा पळवला.

चष्मा मिळायला अर्धा तास गेला. तोवर नवी नर्स रडकुंडीला आली होती. सगळं गाव हसत होतं आणि नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात हे असं. बाईंनी काठी आपटून गावाला गप्प केलं. "हसता कायले बे? हिनं बरोब्बर केलं. लाल दिसलं तं गाडी बलवायची, इचारत नाई बसायचं. मी नवीन होती तेव्हा मले हे सुचलं असतं तं..." एवढं बोलून त्या थांबल्या, आणि नर्सची पापणी ओढून पाहिली. "रक्त चांगलं हाय पोरीचं. टिकन इथी." आता एवढ्या लांबून जीप आलीच होती, तर बाईंनी डॉक्टरांकडूनच भिंगरीचं वजन करवून घेतलं आणि कार्डावर त्यांची सही घेतली. त्यांनी मुकाट्यानं केली.

इकडे ठिपके लालमधून पिवळ्यात चढत होते आणि तिकडे बाईंचे गुडघे उतरत होते. मुलगा दर रविवारी फोन करायचा, डॉक्टरांनी सांगितलेलं वर्ष संपत आलंय म्हणायचा. बाईंचं उत्तर ठरलेलं: "मी दीड महिना गेली तं ते मरन." आम्ही समजावत होतो, पण त्यात खोटं काय होतं? चारदा जेवण, वीस-वीस मिनिटं, एक पाळी चुकली आणि अन्न छातीत गेलं की संपलं, असं डॉक्टरांनीही बजावलेलं. एके दुपारी मी पोस्ट बंद करत होतो तर समोर धप्प आवाज झाला. ओसरीच्या पायरीवर बाईंच्या गुडघ्यानं दगा दिला होता. बाई जमिनीवर उताण्या, आणि दोन्ही हात सरळ वर, आणि त्या हातांत भिंगरी, झेंडा धरावा तशी ताठ उभी. तिला वाटलं हा नवा खेळ. ती आनंदानं शेपटी हलवत होती. मी बाईंना उठवायला वाकलो तर माझ्यावर खेकसल्या, "मले नोको, आधी तिले घे! बारा मिनिटं झाली, आठ राह्यली." मी आठ मिनिटं कुत्री खांद्यावर घेऊन उभा, आणि बाई जमिनीवर पडल्या पडल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होत्या. माझे डोळे भरून आले, पण हसूही येत होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या खाटेभोवती गाव जमलं. जो तो म्हणे मी सांभाळतो. बाईंनी एकेकाला जन्मखुणेवरून बाद केलं. सरपंचांना म्हणाल्या, "तू? तू यायले दोन दिवस लावले, टायमावर काय येशीन?" हमालाला म्हणाल्या, "तू उपोषणवाला, तू तिले उपाशी ठेवशीन." तेवढ्यात ती सिरोंच्याकडची पोरगी पुढं झाली, तिनं सरळ हात घातला आणि बाईंची पापणी खाली ओढली. "बाई, तुमचंच कार्ड लाल आहे. लाल दिसलं की गाडी बोलवायची, विचारत बसायचं नाही. तुम्हीच सांगितलं ना?" बाईंनी काठी खाटेला टेकवून ठेवली. मग सगळ्यांवरून नजर फिरवून माझ्यावर थांबवली. "हा समोर राह्यते, अन् याले कामधंदा नाई. याले शिकवते मी."

माझं प्रशिक्षण सुरू झालं. पहिले तीन दिवस मला कुत्री मिळालीच नाही. साडेचार किलोचा एक कोहळा मिळाला. तो खांद्यावर घ्यायचा, पाठीवर थोपटायचा, वीस मिनिटं. मान वाकडी झाली की बाई खाटेवरून काठीनं टोचायच्या. मनीऑर्डर घ्यायला आलेल्या म्हातारीनं डाकपालाला कोहळ्याची समजूत काढताना पाहिलं आणि ती पैसे न घेताच परत गेली. चौथ्या दिवशी बाई म्हणाल्या, "कोहळा पास झाला. तू नाई." सातव्या दिवशी मीही पास झालो. मुलाची गाडी आली. बाईंनी माझ्या हातात कार्ड दिलं, "रोज सहाले फोन करीन, वजन सांगजो," म्हणाल्या, भिंगरीचीही पापणी ओढून पाहिली आणि मागे न बघता गाडीत बसल्या.

पहिल्या आठवड्यात भिंगरीनं माझी पार दैना केली. बाई नाहीत हे कळल्यावर ती खांद्यावर ठरेच ना. मी मुकाट्यानं, श्वास रोखून, बाईंनी शिकवलं तस्सा उभा राहायचो आणि ती दहाव्या मिनिटाला वळवळून निसटायची. रोज एकदा तरी सगळं बाहेर. साडेचार किलोची कुत्री चार किलो दोनशेवर आली. तिकडे बाईंचं ऑपरेशन झालेलं, दुखण्यानं आवाज खोल गेलेला, आणि सहाच्या ठोक्याला प्रश्न, "किती?" मी म्हटलं, "चार पाचशे पन्नास." दुसऱ्या दिवशी "चार सहाशे." तिसऱ्या दिवशी "चार सहाशे पन्नास." मग बाई म्हणाल्या, "रोज पन्नास-पन्नास ग्राम? कुत्री हाय का गडचांदूरची सिमेंटची फॅक्टरी? असं वजन फक्त रजिस्टरातच वाढते बापा. खरं सांग." मी खरं सांगितलं. मला खरंच वाटत होतं की ती माझ्या खांद्यावर मरणार. बाई रागावतील म्हणून मी कान फोनपासून लांब धरला होता. पण त्यांनी एवढंच विचारलं, "वीस मिनिटं तू तिच्याशी काय बोलतो?" मी म्हटलं, "काही नाही. गप्प उभा असतो." "आँ? गप्प? अरे येड्या, गप्प मानसाच्या खांद्यावर कोन राह्यते? बोल तिच्याशी!"

आता मी काय बोलणार! पहिल्या दिवशी स्पीड पोस्टचे नियम सांगितले. भिंगरीनं एक कान वर केला आणि सतरा मिनिटं ऐकलं. दुसऱ्या दिवशी बायकोच्या माहेरच्या तक्रारी सांगितल्या, पूर्ण वीस. माझ्याकडचा साठा आठवड्यात संपला, तेव्हा गाव मदतीला आलं. सकाळच्या पाळीला हमाल मिलमालकाविरुद्धचं भाषण तिच्यासमोर म्हणून पाहायचा, आणि संध्याकाळच्या पाळीला मिलमालक येऊन आपली बाजू मांडायचे. सरपंच रस्त्याबद्दल बोलायचे आणि कुणी मध्ये टोकायचं नाही, त्यामुळे ते तर वेळेच्या आधीच येऊन बसू लागले. दुपारी नवी नर्स तेलुगूत काहीतरी लडिवाळ गुणगुणायची, तेव्हा भिंगरी डोळे मिटून घ्यायची. सहाला मी खरं वजन सांगायचो. कधी साठ-सत्तर ग्रामनं वर, कधी दहानं खाली, आणि बाई म्हणायच्या, "हां. हे वजन हाय."

दोन महिन्यांनी बाई परत आल्या. वॉकर धरून, पाय मोजून टाकत, पण चालत. भिंगरीनं त्यांच्याभोवती इतक्या गिरक्या घेतल्या की आम्हालाच घेरी आली. बाईंनी आधी तिला झोळीत घालायला लावलं. सहा किलो शंभर. त्यांनी स्वतः ठिपका काढला, आणि तो हिरव्यात पडला. टाळ्या वाजल्या, कुणीतरी पेढे आणले होते, नवी नर्स डोळे पुसत होती. मग भिंगरीच्या जेवणाची वेळ झाली. खुर्चीत बसून ती जेवली आणि बाईंनी सवयीनं हात पुढं केले. मुलानं ते हलकेच खाली घेतले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एवढं हलतं ओझं खांद्यावर घेऊन आता कधीच उभं राहायचं नाही; पडल्या तर नवे गुडघेही जातील. भिंगरीनं एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि माझ्या खांद्यावर येऊन हनुवटी टेकवली.

लोक पांगले. मुलगा सामान आत न्यायला गेला. मी ओसरीत उभा, बाई समोर खुर्चीत. बाई गप्प, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. मग चष्मा काढून पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "मले वाटे, मी नसली तं हे एक महिना नाई काढत. काढला तिनं. लय खुशी झाली रे मले." चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "अन् थोडं वाईट बी वाटलं. खोटं कायले बोलू."

खांद्यावर भिंगरी चुळबुळायला लागली. मी म्हटलं, "बाई, बोला काहीतरी, ही निसटून राह्यली." तेव्हा बाई बोलायला लागल्या. आमच्या गावात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा नाल्याला पूर होता, पेटी डोक्यावर घेऊन त्या पलीकडे उभ्या होत्या, आणि परत घरी जायचं म्हणून रडल्या होत्या. हे मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं समोर राहून मी कधी विचारलंच नव्हतं. भिंगरीचं अंग हळूहळू सैल झालं, श्वास संथ झाला, ती झोपली. वीस मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. घड्याळ बाईंनाही दिसत होतं आणि मलाही. मी खांदा बदलला आणि विचारलं, "मग नाला कसा ओलांडला, बाई?"